धणे भाजेपर्यंतचा इतिहास

आमच्या घरात एकदा डचांनी मुंबई घेतली, ती केवळ खोबरं ओलसर निघालं म्हणून. खोबरं भाजायला वेळ लागला, गोष्ट लांबली, आणि एरवी कोचीनपाशीच अडकून पडणारी डच गलबतं त्या वर्षी थेट माहीमच्या खाडीत शिरली. मग वर्षभर मुंबई डचांकडेच होती. आमचा एक मित्र डिसेंबरात तिकडे जाऊन आला तेव्हा माझ्या नवऱ्याने त्याला अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “काय म्हणतायत डच? रस्ते तरी धड केलेत का?”

हे वाचून कोणाला आमच्या डोक्याची काळजी वाटेल, म्हणून आधी सांगते. मी रेडिऑलॉजिस्ट होते, नवरा भूलतज्ज्ञ. आता दोघंही रिटायर्ड. लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला आमचं घर आहे, मागे बऱ्यापैकी बाग आहे, आणि मे महिन्याच्या शेवटी, बँक हॉलिडेच्या सुट्टीला त्या बागेत वर्षाचा गोडा मसाला भाजला जातो. घरात भाजता येत नाही. स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म जिऱ्यालाच बोंबलायला लागतो, दालचिनीपर्यंत वाट बघत नाही. म्हणून बागेत टेबल, टेबलावर कॅम्पिंगचा स्टोव्ह, स्टोव्हवर कढई आणि कढईपाशी माझा नवरा. शेजारच्या इंग्लिश बाई त्या दिवशी सकाळीच दोरीवरचे कपडे आत नेतात आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढत नाहीत.

गोड्या मसाल्याचा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो, आणि तोवर बाकीच्यांनी नुसतं बसून करायचं काय? त्यावर नवऱ्याने खेळ काढला. कढईत जिन्नस पडला की बसलेल्यांपैकी एकाने बोलायला लागायचं. या मसाल्यांपायी पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच सगळे एकमेकांच्या उरावर बसले. त्या भांडणात एक, फक्त एक गोष्ट वेगळी घडली असती तर काय झालं असतं? पुढचं सगळं त्या एका बदलातूनच निघालं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे. देव, वादळ, चमत्कार चालणार नाहीत. नवरा उलथनं फिरवत राहणार, सांगणारा सांगत राहणार, आणि जिन्नस भाजून नेमका वास सुटला की नवरा म्हणणार, “बास!” त्या क्षणी गॅस बंद आणि इतिहासही बंद. वाक्य अर्धं असलं तर अर्धंच ठेवायचं. जिथे बास झालं तिथे ते जग वर्षभर तसंच राहणार. ज्याला पुढे न्यायचं असेल त्याने पुढच्या वर्षी न्यावं.

त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय येतं याला आमच्याकडे फार महत्त्व. तीळ आले तर माणूस जहाजात बसतो न बसतो तोच बास. आमच्या मुलीला लहानपणी नेहमी तीळ मिळायचे आणि ती भोकाड पसरायची, कारण तिचे पोर्तुगीज कधीच आफ्रिकेला वळसा घालू शकले नाहीत. खोबऱ्यासाठी भांडणं व्हायची. धणे मात्र नवरा कोणाला देत नसे. गोड्या मसाल्यात धणे सगळ्यात जास्त, भाजायचेही मंद आचेवर आणि सावकाश. धण्यांच्या वेळी भाजणारा तोच, सांगणारा तोच आणि बास म्हणणाराही तोच. एवढी सत्ता खऱ्या इतिहासातही कोणाला मिळाली नसेल.

या सगळ्याचं मूळ एडिनबऱ्यात आहे. तरुणपणी आम्ही दोघं तिथल्या एका हॉस्पिटलात नोकरीला होतो, एकाच क्वार्टर्समध्ये राहायचो, आणि एकमेकांना ओळखत नव्हतो. एका रविवारी सकाळी मी डोक्यावरून न्हाऊन केस पुसत होते तेवढ्यात फायर अलार्म वाजला. सगळी इमारत खाली रस्त्यावर. बाहेर बर्फ, अंगात ड्रेसिंग गाऊन, माझ्या डोक्याला टॉवेल. फायर ब्रिगेडवाले आत जाऊन आले आणि त्यांच्या मागोमाग एक बारकासा माणूस आला, हातात कढई. दाभोळकडच्या या गृहस्थाला आईच्या हातच्या आमटीची आठवण झाली होती आणि त्याने कॉमन किचनमध्ये लवंगा भाजायला घेतल्या होत्या. आमची वॉर्डन चांगली धिप्पाड स्कॉटिश बाई. ती त्याच्यावर अशी तडकली की मलाच त्याची दया आली. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, तुमच्या लोकांची जहाजं ज्याच्यासाठी घराबाहेर पडली, तेच मी भाजत होतो. डचांनी थोडा आणखी जोर लावला असता तर मी हा अलार्म ॲम्स्टरडॅमला वाजवला असता आणि तुम्ही आत्ता झोपलेल्या असता.”

वॉर्डन खो खो हसली. मीही हसले. इतक्या थंडीत, इतक्या लोकांसमोर शिव्या खाताना ज्याला हे सुचतं तो माणूस मला बघताक्षणी आवडला. मी नागपूरची, त्याच्याहून दोन पायऱ्या सीनियर, तेव्हा पहिलं वाक्य मीच बोलले. त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. सासूबाईंना ते कधी पटलं नाही, पण त्या दाभोळला होत्या आणि आम्ही इथे.

त्याच्या नाकाबद्दल सांगायला हवं. दारात पाऊल ठेवलं की आत कोणती भाजी आहे, तिच्यात काय राहिलंय आणि ती कोणी केली, हे तो कोट काढायच्या आत सांगायचा. माझी भाजी असली तर फक्त “हं” म्हणायचा. मसाला भाजताना तर त्याचं तोंड आमच्याकडे, गप्पा आमच्याशी, हात आपला कढईत फिरतोय, आणि मध्येच मान न वळवता “बास!” एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. मला त्याचं अतोनात कौतुक वाटायचं. तोंडावर मी कधी बोलले नाही, कारण तो चढून बसतो.

तो साथीचा आजार जगभर आला तेव्हा आमच्या घरीही आला. मी तापले, उठले. तोही तापला, उठला, पण त्याचं नाक उठलं नाही. आधी सगळे म्हणाले, येईल परत, वाट बघा. वाट बघितली. लिंबाचं साल, लवंगेचं तेल, कॉफी, रोज सकाळ-संध्याकाळ नाकाशी धरून हुंगण्याचा व्यायाम त्याने इमानदारीने केला. काही आलं नाही. तो दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागला, कारण आपल्या अंगाला वास येतोय का हे त्याला कळेना. दूध उतू जाऊन करपलं तरी तो शेजारी पेपर वाचत बसलेला. जेवताना ताटाकडे बघून जेवायचा. एकदा मी विचारलं, कसं लागतंय? तर म्हणाला, “गरम आहे.”

आणि मसाल्याचा दिवस बंद पडला. आधी लॉकडाऊन होतं म्हणून, मग त्याची पाठ धरली म्हणून, मग “पुढच्या वर्षी बघू” म्हणून. घरात विकतचा मसाला आला. एके दिवशी स्वयंपाकघरात गेले तर तो चष्मा लावून त्या पाकिटावरचे जिन्नस वाचत होता. मला रडूच आलं. मसाल्यासाठी नाही. विकतच्या मसाल्याची आमटी मी आनंदाने खाते, मला काय कळतंय? पण कढई गेली तशी त्याची बडबड गेली. डच गेले, पोर्तुगीज गेले, दाभोळच्या बंदराच्या बढाया गेल्या. फोन वाजला तर तो मला द्यायला लागला. मी आयुष्यभर एक्स-रेच्या फिल्मवरच्या सावल्या बघितल्या आहेत. माणूस कुठून पुसट व्हायला लागलाय हे मला कळतं. यंदा तो कढईपाशी उभा राहिला नाही तर पुन्हा कधीच राहणार नाही, हे मला दिसत होतं.

म्हणून यंदा मी त्याला न विचारताच सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे तीनच जण: एडिनबऱ्याला बँकेत नोकरी करणारी आमची मुलगी, जवळच्या हॅरोचा, हाडांचा डॉक्टर असलेला आमचा जुना मित्र, आणि त्याची बायको. वेम्बलीला जाऊन ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांतून जिन्नस मीच आणले. दगडफूल घेतलं, नागकेशर घेतलं, लवंगा भीतीपोटी दुप्पट घेतल्या. पिशव्या टेबलावर ठेवल्या तेव्हा नवऱ्याने एकेक उघडून बघितली आणि परत बंद केली. मग म्हणाला, “भाजतो मी. इतकी वर्षं केलंय, अंदाज आहे मला. पण एक अट. माझ्या नाकाचं कोणाला सांगायचं नाही.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं.

सांगितलं होतं ना! सगळ्यांना, केव्हाच. बायको कशासाठी असते?

तर त्या दिवशी परिस्थिती अशी होती की त्याचं नाक गेलंय हे बागेतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते कोणालाच माहीत नाही असं त्याला वाटत होतं. ऊन छान पडलं होतं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्या दुमडल्या होत्या, आणि उलथनं हातात घेतल्यावर तो ताठ उभा राहिला. मला बरं वाटलं. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून हात केला आणि कपडे आत नेले.

पहिला मान लवंगेचा. सांगणार आमचा मित्र. त्याने घसा खाकरून सुरुवात केली.

“बदल एकच. मॅनहॅटनच्या बदल्यात जायफळाचं जे इवलंसं बेट इंग्रजांनी डचांना दिलं, ते दिलंच नाही. धरून बसले. म्हणजे मॅनहॅटन डचांकडेच राहिलं.”

“मान्य,” नवरा म्हणाला. उलथनं फिरत होतं.

“मग इंग्रजांचा सगळा जीव त्या बेटात अडकला. जहाजं तिकडे, पैसा तिकडे, भांडणं तिकडे. पोर्तुगिजांनी लग्नात मुंबई आंदण दिली, तर इंग्रज म्हणाले, हे दलदलीचं गाव आम्हाला कशाला? आम्हाला जायफळ आहे. परत केली!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. गोष्ट झकास चालली होती. मुंबई पोर्तुगिजांकडे, वसई पोर्तुगिजांकडे, समोर मराठ्यांचं आरमार, आणि आता काहीतरी मोठं होणार असं वाटत असताना लवंगेचा वास सुटला. मलासुद्धा आला. खमंग, गोडसर, डोळ्यांना किंचित झोंबणारा. हाच तो, मी मनात म्हटलं, आता बास.

नवरा भाजत राहिला.

मित्र अडखळला. त्यालाही वास आला होता. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे, मी मुलीकडे. थांबवायचं कोणी? आजवर त्या बागेत बास हा शब्द एकाच माणसाने उच्चारला होता. दुसऱ्या कोणी तो म्हणायचा म्हणजे, तुला वास येत नाही, हे सगळ्यांदेखत म्हणायचं. मित्राने बिचाऱ्याने एकच केलं. गोष्ट पुढे रेटली, कारण ती संपल्यावर जे झालं असतं त्याला सामोरं जायची त्याच्यात ताकद नव्हती.

“तर मराठ्यांनी मुंबई घेतली,” तो म्हणाला. “मग... मग फ्रेंच आले. फ्रेंचांना कोणी विचारलं नाही. मग डॅनिश आले.”

लवंग करपायला लागली. मित्राच्या बायकोने टेबलाखाली माझा हात दाबून धरला. लवंग मुळात काळीच, त्यामुळे रंगावरून काही कळायचा मार्ग नाही, आणि वारा असा की धूर त्याच्याकडे न जाता आमच्या तोंडावर येत होता. आमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. नवऱ्याला वाटलं असेल, गोष्ट रंगलीय.

“मग स्कॉटलंडने स्वतःची कंपनी काढली,” मित्र घाम पुसत म्हणाला, “आणि रत्नागिरीला वखार घातली. आणि मग... स्वीडन आलं.”

स्वीडन आलं तेव्हा मला कळलं की त्याच्याकडचे देश संपत आलेत. मी उठणार, काहीतरी सांडल्याचं नाटक करणार, इतक्यात कुंपणावरून शेजारच्या बाईंचं डोकं वर आलं. आजवर कधी अवाक्षर न काढलेल्या बाई. त्या अगदी काळजीने म्हणाल्या, “सॉरी टु इंटरफिअर, डॉक्टर, पण समथिंग्ज बर्निंग, आय थिंक?”

नवऱ्याने कढईत बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. एकेकाच्या चेहऱ्याकडे, सावकाश, जसा तो भूल देण्याआधी पेशंटकडे बघायचा. त्याने गॅस बंद केला.

“म्हणजे सगळ्यांना माहीत आहे,” तो म्हणाला.

उलथनं टेबलावर ठेवून तो आत निघून गेला. स्वयंपाकघराचं दार लागलं. शेजारच्या बाई “ओ डिअर” म्हणाल्या आणि खाली गेल्या. कढईतल्या लवंगा धुमसत होत्या. मला सगळ्यांचा राग आला होता, माझा धरून. संपलं, मी मनात म्हटलं. आता हा दिवस कायमचा संपला.

त्यावर आमच्या लेकीने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. तिने लवंगा गवतावर ओतल्या, कढई पुसली, स्टोव्ह लावला, पहिली हाताला लागली ती जिऱ्याची पिशवी कढईत रिकामी केली, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीकडे तोंड करून खणखणीत आवाजात सुरुवात केली. तिचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं असतं तसं आहे, पण आवाज बापाचा.

“ओके! माझी टर्न. तर मराठा नेव्ही खूप मोठा झाला, आणि ते डायरेक्ट थेम्समध्ये गेले. आणि पोर्तुगीज हरले. आणि डच पण हरले, सेम डे.”

खिडकीत काही हालचाल नाही.

“आणि मग एक मोठा स्टॉर्म आली आणि सगळे फ्रेंच बुडले!”

वादळ! आमच्या नियमात वादळाला बंदी. मित्राने भुवया उंचावल्या. मी त्याला गप्प बसायची खूण केली, कारण मला आता कळायला लागलं होतं.

“आणि पोर्तुगीज लोक इंडियाला आलेच नव्हते, ॲट ऑल. सो मराठ्यांनी लंडनमध्ये मिसळचा दुकान काढला, व्हेरी स्पायसी, आणि क्वीनला हिरवी मिरची खायला दिला—”

“मिरची कुठून दिली?” खिडकीतून आरोळी आली. “मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणली! ते आलेच नाहीत म्हणतेस, मग मिरची काय आभाळातून पडली? आणि किती बदल केलेस? एकच बदल! नियम एकच बदल!”

“मग तू ये ना, बाबा, आणि नीट सांग!” ती ओरडली. “आय डोन्ट नो एनिथिंग! आणि जिरं बघ, आय थिंक ते पण जळते आता!”

दार उघडलं. तो बाहेर आला, तिच्या हातातून उलथनं काढून घेतलं आणि गॅस बंद केला. त्याचे डोळे लाल होते, पण तो चिडलेला होता, आणि चिडलेला नवरा मला किती महिन्यांनी दिसत होता. मला तिला तिथेच मिठी मारावीशी वाटली. मराठ्यांचं आरमार थेम्समध्ये घालून तिने बाप बाहेर काढला होता.

“आता धणे,” तो म्हणाला. “मी सांगतो. मी भाजतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “बास तू म्हण.”

“मी? अरे, मला वासातलं काय कळतंय? हिला सांग की,” मी मित्राच्या बायकोकडे बोट दाखवलं. तिच्या हातचं जेवण सगळ्या हॅरोत नावाजलेलं आहे.

“तू म्हण,” तो म्हणाला.

मग मी खुर्ची कढईजवळ ओढून बसले. धणे कढईत पडले, जडसे, सळसळ करत. त्याने आच मंद केली. थोडा वेळ नुसता परतत राहिला.

“बदल एकच,” तो म्हणाला. “मसाल्यांना वास नाही.”

तो उलथनं फिरवत राहिला.

“लवंगेला नाही, मिरीला नाही, जायफळाला नाही. झाडं आहेत, फळं धरतात, पण वास नाही, चव नाही. मग पोर्तुगीज कशाला येतील? ते आपले मासे पकडतायत. डचांकडे हेरिंग आहे, चीज आहे, खूष आहेत. इंग्रज मेंढ्या राखतायत. कोणी कोणाचं जहाज बुडवत नाही, कोणी कोणाच्या बंदरात तोफा लावत नाही. छान आहे सगळं.”

“मिरची नाही, बटाटा नाही,” मित्र हळूच म्हणाला. “म्हणजे वडापाव नाही.”

“पावही नाही. मुंबई म्हणजे कोळ्यांची बेटं. दाभोळ अजून मोठं बंदर, घोडे येतायत, कापड जातंय. मी दाभोळला वैद्य आहे. चांगला वैद्य आहे, लोक मानतात. एडिनबरा नावाचं गाव आहे हे मला माहीत नाही. तिथे कुठे अलार्म वाजत नाही, कोणी बर्फात उभं राहत नाही.”

“आणि आई?” मुलीने विचारलं.

“आई नागपूरला. मला ती माहीत नाही.” तो धणे परतत होता, आमच्याकडे बघत नव्हता. “तसं मला काही कमी नाही. घर आहे, अंगण आहे, जेवायला आहे. पण संध्याकाळी मी खाडीवर जाऊन उभा राहतो. आणि रोज वाटतं की काहीतरी राहिलंय. घरी विसरलंय, की हातातून पडलंय, की कोणी नेलंय, तेही कळत नाही. लोक म्हणतात, होईल सवय. मी पण म्हणतो, होईल. आणि उभा राहतो. रोज तिथेच—”

“बास,” मी म्हटलं.

त्याने तत्क्षणी गॅस बंद केला. धणे परातीत ओतले आणि हाताने पसरले. बाकीचे जिन्नस मग भराभर झाले. लवंगा नव्याने भाजल्या, मुलीच्या वाट्याला तीळ आले आणि तिचे पोर्तुगीज यंदाही वळसा घालू शकले नाहीत. प्रत्येक वेळी मित्राची बायको मला हळूच मान हलवून खूण करायची आणि मी बास म्हणायचे. फक्त धण्यांच्या वेळी मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. वासाकडेही माझं लक्ष नव्हतं. ते जग मला ऐकवेना, म्हणून मी बास म्हटलं.

मसाला दळला, डबे भरले, एक डबा एडिनबऱ्याला गेला, एक हॅरोला. दोन दिवसांनी आमटी केली. पहिल्या घासालाच मला कळलं. माझ्यासारखीला कळलं, म्हणजे बघा. मसाला कच्चट होता. धणे कमी भाजले गेले होते. हॅरोहून फोन आला, “मसाला मस्त झालाय हं.” एडिनबऱ्याहून मेसेज आला, “बेस्ट एव्हर.” खोटारडे सगळे. मी नवऱ्याकडे बघितलं. तो शांतपणे भुरका मारत होता.

“छान झालाय ना मसाला?” मी विचारलं.

“धणे कच्चे राहिलेत,” तो म्हणाला.

माझा चमचा हातातच राहिला. “तुला वास आला?”

“छे. वास कुठला. आवाज.” त्याने वाटी खाली ठेवली. “कच्चे धणे जड वाजतात. भाजत आले की हलके वाजतात, पोकळ. लवंग काही बोलत नाही, म्हणून फसलो. धणे बोलतात. अगं, ऑपरेशन थिएटरमध्ये मी जन्मभर दुसरं काय केलं? मॉनिटरकडे पाठ करून उभा असलो तरी पेशंटचा ऑक्सिजन खाली चाललाय हे मला बीपच्या सुरावरून कळायचं. तू बास म्हणालीस तेव्हा धणे अजून जडच होते.”

पुसट झाला म्हणून मी ज्याच्यासाठी टिपं गाळत होते, तो माणूस तिथे कढईपाशी उभं राहून, नाक नसताना, नवं काहीतरी शिकत होता.

“मग गॅस का बंद केलास? सांगायचंस ना, अजून व्हायचेत म्हणून.”

“बास म्हटलं की बास. नियम माझाच आहे.” तो गालातल्या गालात हसला. “पण घाई केलीस तू. थोडी थांबली असतीस तर नागपूरहून एक बाई औषधाला दाभोळला यायची होती. डोक्याला ओलं फडकं गुंडाळून. मी तिला खाडीवर आणलीच होती जवळजवळ. आता काय, वर्षभर मी तिथेच उभा.”

मी आमटीचं पातेलं पुढे ओढलं आणि आणखी एक वाटी वाढून घेतली.